बंद मजल्याचं बिल

१

"ताई, आपल्या घरात चोर आहे," दादा फोनवर म्हणाला होता, "आणि तो बाहेरचा नाही."

चोरीला काय गेलं, तर ऊन. सोनंनाणं गेलं असतं तर ताईने पोलिसांत जा म्हणून सांगितलं असतं आणि दुपारची झोप काढली असती. पण गच्चीवर पडणारं ऊन चोरीला जातं म्हटल्यावर तिने पिशवी उचलली आणि सकाळची पहिली बस पकडली.

ताई म्हणजे तिघा भावंडांतली मधली. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून तिने उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात घालवली होती. आता निवृत्त झाली तरी भाजीवाले तिला लांबून पाहून काटा पुसायला घ्यायचे. तिचा एकच नियम होता. माणसावर संशय घेण्याआधी तराजूवर घ्यायचा. तराजूला राग येत नाही, आणि चूक निघाली तर त्याची माफीही मागावी लागत नाही.

घर दोन मजली होतं. एका मजल्यावर दादा आणि मोठी वहिनी, दुसऱ्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. धाकट्याने पन्नाशी ओलांडली तरी घरात त्याला सगळे छोटूच म्हणत, आणि त्याच्या बायकोला धाकटी. फाटकाच्या खांबावर बेलची दोन बटणं, एकावर दादाच्या नावाची पाटी, दुसऱ्यावर छोटूच्या. शेजारीच भिंतीत विजेच्या मीटरची पेटी.

ताईने दादाच्या नावाचं बटण दाबलं. आतून नाही, वरून बेल वाजली. सज्जातून धाकटी डोकावली.

"तुम्हीसुद्धा ताई? दादांकडे यायचं तर आमच्या नावाचं बटण दाबायचं. कुरियरवाल्यालाही पाठ झालंय आता."

"विसरलेच बघ. वर येते थोड्या वेळाने. चहा ठेव."

"चहा ठेवते, पण कप शोधावे लागतील. बांधून ठेवलेत." धाकटीच्या मागे दोरीने आवळलेले खोक्यांचे ढीग दिसत होते. "आम्ही चाललो ताई. नवं घर बघितलंय. आज संध्याकाळी पाच वाजता हे घरमालकाला आगाऊ रक्कम द्यायला जाणार आहेत. एकदा दिली की परत मिळणार नाही म्हणे."

सज्जाचं दार बंद झालं. ताईने घड्याळात पाहिलं. दहा वाजायला आले होते.

२

दादाने पुरावे टेबलावर मांडून ठेवले होते. एका कोपऱ्यात वहिनी वाटाणे सोलत बसली होती, म्हणजे ती या भांडणात नव्हती, पण एक शब्दही सोडणार नव्हती.

"पाच महिन्यांपूर्वी गच्चीवर पॅनल बसवले," दादा म्हणाला. "निवृत्तीच्या पैशातून. हिशेब असा होता. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा सरकार अनुदान म्हणून परत देतं. ते मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेला खर्च पाच वर्षांत बिलातून वसूल. पॅनल पंचवीस वर्षं चालतात, म्हणजे पुढची वीस वर्षं फुकट. दिवसा आपण वापरून उरेल ती वीज बाहेर जाणार, कंपनी ती मोजणार आणि बिलातून वजा करणार. त्यासाठी नवा दुतोंडी मीटर लावलाय. आत येणारी वेगळी मोजतो, बाहेर जाणारी वेगळी."

"मग?"

"मग हे बघ माझ्या नावाचं बिल. बाहेर गेलेली वीज, शून्य. पाचही महिने शून्य! आणि हे छोटूच्या नावाचं. पूर्वी दोनशे युनिट यायचे. आता साडेचारशे!" दादाने टेबलावर बोट आपटलं. "माझी वीज गायब, त्याचा वापर दुप्पट. वर तिची ती मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी आहे. आता सांग, दोन अधिक दोन किती?"

"तू बिलं कधीपासून इतकी निरखून बघायला लागलास? दोन्ही बिलं तूच भरायचास ना, आणि बेरजेच्या अर्धे छोटूकडून घ्यायचास?"

"तीच तर चूक झाली. कोणाचं किती ते कधी पाहिलंच नाही. आता मागची काढून बघतोय तर डोळे उघडले. भट्टी दोन वर्षांपूर्वी आली. त्या महिन्यात छोटूचं बिल एका युनिटने वाढलं नाही. वाढलं ते माझं!"

"आणि यांनी खापर फोडलं माझ्या गीझरवर," वहिनी वाटाण्यांकडे बघत म्हणाली. "धडधाकट गीझर भंगारात घातला. नवा आणला. बिल तिथल्या तिथेच."

"म्हणजे चोरी दोन वर्षं चालू आहे," दादा म्हणाला. "पॅनल तर आत्ता आले. आधी तारेतून चोरत होती, आता उन्हातून."

ताईने चष्मा पुसला. "दादा, तुझी वीज तिने ओढून घेतली, तर ती तिच्या मीटरमधून जाईल का?"

"नाही. म्हणून तर चोरी म्हणायची."

"मग तिच्या मीटरचा आकडा कमी व्हायला हवा. चोराचं बिल वाढलेलं पाहिलंयस कधी?"

दादाने दोन्ही बिलं पुन्हा शेजारी शेजारी ठेवून पाहिली. "हाव! चोरूनही पुरत नसेल!"

वहिनीच्या हातातला वाटाणा टुणकन उडून कपाटाखाली गेला. तिला हसू आवरेना.

३

वर छोटू खोक्यांना चिकटपट्टी लावत होता. कोणी रागावलं की हा माणूस लहानपणापासून गप्प होऊन काहीतरी कामाला लागायचा. धाकटीचं उलट होतं.

"घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ना ताई, इथे माझ्या मातीच्या भट्टीने घर फोडलं! बिल माझ्या तोंडावर फेकलं दादांनी. मी काय तारा ओढून वीज चोरणार? मला साधा फ्यूज बदलता येत नाही."

"भट्टी किती वेळा लावतेस?"

"आठवड्यातून दोनदा. आणि भट्टीला मोकळी जागा नाही म्हणून न्हाणीघराच्या बाजूला ठेवलीय. खाली होतो तेव्हा असती तर अंगणात ठेवली असती." तिने खोक्यातून दोन कप काढले. हाताने घडवलेले, निळे, कडेला किंचित वाकडे. "हे दोन मात्र नेणार नाही मी. दादांच्या हातचे आहेत. मीच शिकवलं होतं त्यांना."

छोटूने चिकटपट्टी दाताने तोडली. "ताई, मला एकच गोष्ट सांग. उन्हाळ्यात आम्ही गावाला गेलो होतो. महिनाभर. घराला कुलूप, फ्रिज रिकामा करून बंद, मुख्य स्विचसुद्धा खाली केला होता मी. किल्ली आमच्याकडेच. त्या महिन्याचं आमच्या नावाचं बिल काढून बघ."

"जास्त?"

"सगळ्यांत जास्त. पाच महिन्यांतलं सगळ्यांत मोठं." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. "रिकाम्या घरात भट्टी कोणी पेटवली?"

ताईच्या हातातला चहा तसाच राहिला. मुख्य स्विच बंद असलेल्या मजल्याचं बिल सगळ्यांत मोठं. आणि तो महिना होता वर्षातला सगळ्यांत कडक उन्हाचा.

"त्या महिन्यात दादाचं बिल किती आलं होतं?" तिने विचारलं.

"ते नाही बाई माहीत."

ती पुन्हा खाली उतरली. दादाने बिल पुढे केलं. त्याच्या नावाचं त्या महिन्याचं बिल जवळजवळ शून्य होतं.

"बघ!" दादा म्हणाला. "चोर गावाला गेले आणि माझं बिल उतरलं!"

"तू तर इथेच होतास ना दादा? पंखे, फ्रिज, नवा गीझर?"

"होतो की."

"मग तू जगलास कशावर?"

४

शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ आज सुट्टी म्हणून स्वतःची विजेवर चालणारी गाडी धूत होते. ही गाडीही पाच महिन्यांपूर्वीच आली होती, आणि चार्जरची पेटी बरोब्बर दोन्ही घरांच्या सामाईक भिंतीवर होती. दादाच्या संशयितांच्या यादीत यांचा क्रमांक दुसरा होता.

"तुमचा भाऊ गेले पंधरा दिवस माझ्या नमस्काराला मान हलवत नाही," ते म्हणाले. "आज सांगाच मला, मी काय केलं?"

"गाडी चार्ज कधी करता?"

"रात्री झोपताना लावतो, सकाळी काढतो. दिवसभर तर ती मला घेऊन ऑफिसात असते."

ताईने त्यांचे आभार मानले. रात्री पॅनल झोपलेले असतात. उन्हाचा चोर रात्री येत नाही.

पॅनल बसवणारा होता वहिनीचा भाचा. वहिनीने फोन करताच तो स्कूटरवरून हजर झाला, हेल्मेट काढायच्या आधीच घाम पुसत.

"आत्याच्या घरी मी हलका माल लावीन का? मावशी, तुम्हीच बघा." त्याने ताईला गच्चीच्या जिन्यात, पॅनलच्या विजेचा आकडा दाखवणाऱ्या इन्व्हर्टरसमोर उभं केलं. "आज आत्तापर्यंत पाच युनिट. दिवसाला बारा होतात. हे खोटं बोलत नाही."

"सगळी यंत्रं असंच म्हणतात," ताई म्हणाली. पण आकडा तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. पॅनल वीज बनवत होते. दादाचं घर दिवसा त्यातली थोडीच वापरत होतं. उरलेली या तारेतून खाली जात होती. आणि दुतोंडी मीटरच्या म्हणण्याप्रमाणे त्यातलं एक युनिटही बाहेर पडत नव्हतं.

"अर्ज कोणी भरला होता?"

"मीच. काकांच्या नावाने. ज्याच्या नावावर जोडणी त्यालाच अनुदान, म्हणून त्यांच्या नावाच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घातला. कंपनीचा माणूस आला, त्या क्रमांकाचा जुना मीटर काढला, नवा लावला."

"आणि ही वायर तू कुठे नेलीस?"

"काका राहतात तिथे. खालच्या मजल्यावर. दुसरीकडे कुठे नेणार?"

ताई जिन्यातच थबकली. मग ती इतक्या भराभर खाली उतरली की भाच्याला वाटलं, चोर दिसला. ती थेट फाटकाशी गेली. मीटरच्या पेटीसमोर मात्र न थांबता तिने खांबावरचं बेलचं बटण दाबलं. आधी एक. मग दुसरं.

"कोण आहे?" वरून धाकटी.

"कोण ते?" आतून दादा.

"मीच आहे," ताई म्हणाली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसली. "सगळे खाली या. आणि येताना घरातल्या जाड चादरी आणा. आहेत तेवढ्या."

५

बारा वाजले होते. ऊन असं की अंगणातली फरशी पायाला चटका देत होती. सहा जण मीटरच्या पेटीभोवती उभे होते, दादा एका टोकाला, छोटू दुसऱ्या टोकाला. मधे चादरींचा ढीग धरून धाकटी.

पेटीत दोन मीटर होते. एक नवा, चकचकीत, खाली दादाच्या नावाची चिठ्ठी. दुसरा जुना, काच धुळकट, खाली छोटूच्या नावाची. प्रत्येकावर एक लाल दिवा. वीज वाहिली की तो लुकलुकतो. जेवढी जास्त, तेवढा भराभर.

"छोटू, वरचा मुख्य स्विच बंद करून ये."

तो गेला. नव्या मीटरचा, दादाच्या नावाचा दिवा थांबला. कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण सगळे जुन्याकडे बघत होते. छोटूच्या मजल्यावरची वीज बंद होती आणि छोटूच्या नावाचा मीटर वेड्यासारखा लुकलुकत होता.

"भूत आहे," वहिनी म्हणाली.

"आता वहिनी, खालचे पंखे, फ्रिज, गीझर, सगळं बंद. मुख्य स्विच मात्र चालू ठेव, तो पाडला तर पॅनलही बंद पडतात."

वहिनी आत जाऊन आली. दोन्ही घरांत आता एकही वस्तू चालू नव्हती. जुना मीटर मंदावला तर नाहीच, उलट आणखी जोरात धावू लागला.

"आता चादरी," ताई म्हणाली.

छोटू, धाकटी आणि भाचा गच्चीवर धावले. दादा मीटरसमोरून हलला नाही. वरून आरडाओरडा ऐकू येत होता. "तिकडून धर!" "अहो, उडतेय ती!" "ही माझी लग्नातली आहे, मळवू नका!" मग दादाने पाहिलं, दिव्याची लुकलुक सावकाश झाली. आणखी सावकाश. शेवटची चादर पडली असावी, कारण दिवा एकदा उमटला, बराच वेळ विचार करत राहिला आणि विझला.

"थांबला," दादा पुटपुटला.

"काढा रे चादरी!" ताईने हाक दिली. दिवा जागा झाला.

"ताई, हे काय आहे?"

"तुझं ऊन. इथूनच बाहेर जातंय. फक्त मोजणारा तराजू एका पारड्याचा आहे. हा जुना मीटर भोळा. वीज आत आली काय, बाहेर गेली काय, तो आकडा पुढेच ढकलतो. जी वीज तू कंपनीला दिलीस, तीच घेतलीस म्हणून त्याने मोजली. म्हणून ऊन जितकं कडक, तितकं बिल मोठं."

"पण हा तर छोटूचा मीटर!"

"छोटू, वरचा स्विच चालू कर रे!" ताई ओरडली. नव्या मीटरचा, दादाच्या नावाचा दिवा लुकलुकला. "वरच्या मजल्याची वीज तुझ्या नावाच्या मीटरातून येते, दादा. छोटू गावाला गेल्यावर तुझं बिल उतरलं ते म्हणून. भट्टी आल्यावर तुझं चढलं तेही म्हणून. गीझर बिचारा चोर सोडून फाशी गेलेला संन्यासी. आणि चोर तर नव्हताच."

वहिनीने कपाळावर हात मारला. "आईंचे गुडघे!"

६

अकरा वर्षांपूर्वी दादा वर राहायचा आणि छोटू खाली. आई दादाकडे असायची. तिचे गुडघे गेले, जिना चढवेना. धाकटीने कोणाला न विचारता एका दुपारी स्वतःचा पलंग ओढायला घेतला होता. "आईंना खाली आणा, आम्ही वर जातो," एवढंच म्हणाली होती. संध्याकाळपर्यंत दोन घरं जागा बदलून मोकळी झाली. अंगण गेलं, जुईचा वेल गेला, तिने नंतर कधी विषय काढला नाही.

सामान बदललं. फाटकावरच्या पाट्या बदलायच्या राहिल्या. विजेच्या कंपनीत नावं बदलायला अर्ज, अर्जाला रांग, आणि दोन्ही बिलं दादाच भरणार, मग कशाला? आई गेली, वर्षं गेली. बटणं उलटी वाजतात हे सगळ्यांना पाठ झालं, ती उलटी का वाजतात हे सगळे विसरले.

"मी क्रमांक बरोबर घातला, वायरही बरोबर नेली," भाचा डोकं खाजवत म्हणाला. "दोन्ही बरोबर, आणि म्हणून गोंधळ."

"काखेत कळसा," वहिनी म्हणाली, "आणि वळसा कुठे, तर गाडीवाल्याच्या भिंतीपर्यंत."

दादा जुन्या मीटरकडे बघत राहिला. ताईला त्याचा हा चेहरा माहीत होता. लहानपणी तिची पाटी फोडून त्याने छोटूला मार खाऊ दिला होता, तेव्हाचा.

"माझे पाच महिने तर गेले," अखेर तो म्हणाला. "पाच वर्षांत फिटणार होतं."

"आता सहाच्या आत फिटेल. पॅनल पंचवीस वर्षं चालणार, एवढ्या-तेवढ्याने ते मरत नाहीत. कंपनीकडे तक्रार कर, काही परत मिळेलही. पण आधी ठरव, दुरुस्ती कशी करायची. एक तर कंपनीकडून मीटर बदलून घ्यायचा, म्हणजे अर्ज आणि रांग. नाही तर गच्चीवरून येणारी वायर खालच्या ऐवजी वरच्या मजल्याला जोडायची. नवा मीटर तिथलाच आहे, कागदांतही पॅनल त्याच क्रमांकावर आहेत. कागद आधीच बरोबर आहे, चुकलीय ती नुसती वायर."

"दीड तासाचं काम," भाचा म्हणाला. "पण काका, मग दिवसाची वीज आधी त्यांच्या भट्टीला जाईल. उरलेली बाहेर."

सगळे दादाकडे बघू लागले. वायर कुठेही गेली तरी दोन्ही बिलांची बेरीज तीच येणार होती, हे त्यालाही कळत होतं. तरीही पंधरा दिवस ज्या गोष्टीवरून त्याने घर डोक्यावर घेतलं, तीच त्याला आता आपल्या तोंडाने म्हणायची होती.

"वर जोड," दादा म्हणाला. "तिला सांग, भट्टी दुपारी लाव म्हणावं. ऊन असतं तेव्हा."

"तूच सांग की," ताई म्हणाली.

छोटू आणि धाकटी एव्हाना चादरी घेऊन वर गेले होते. दादा अंगणात जरा घुटमळला. जिना घरातूनच होता, सरळ चढून जाता आलं असतं. पण तो चपला घालून फाटकाबाहेर गेला आणि खांबासमोर उभा राहिला. स्वतःच्या नावाच्या पाटीखालचं बटण त्याने अकरा वर्षांत दाबलं नव्हतं.

बेल वाजली. सज्जात धाकटी आली, खांद्यावर अजून चादर.

"कोण पाहिजे?"

"चुकलं माझं," दादा वर बघत म्हणाला. ऊन डोळ्यांत जात होतं म्हणून त्याने कपाळावर हात धरला होता. "सगळंच चुकलं. तुझ्यावर आळ घेतला तो तर..."

धाकटीने खांद्यावरची चादर कठड्यावर टाकली. तिने मान वळवून आत पाहिलं, मग खाली. ताईला वाटलं, हिला रडू येणार.

"बरोबर बटण दाबलंत," ती म्हणाली. "या वर. पण कप तुम्हालाच सोडवावे लागतील, गाठी तुमच्या भावाने मारल्यात." आणि आत तोंड करून तिने हाक दिली, "अहो, त्या घरमालकाला फोन लावा. म्हणावं, आमचा तराजू बिघडला होता."

दादा जिना चढू लागला. खाली भाच्याने शिडी लावली होती आणि वहिनी कपाटाखाली हात घालून तो एक वाटाणा शोधत होती.

ताईने पेटीची काच पुसली आणि तिचं दार लावून घेतलं. मग पिशवीतून स्क्रू-ड्रायव्हर काढला. खात्यातली सवय, तो नेहमी जवळ असायचा. दोन पाट्यांची अदलाबदल करायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. तिने पहिल्या स्क्रूला टोक लावलं, वरून दादाच्या हसण्याचा आवाज आला, आणि तिने स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा पिशवीत टाकला.

पाट्या राहू देत. यापुढे त्या उलट्या का, हे सगळ्यांच्या लक्षात राहील.